शून्यलब्धीचे शब्द आणि विद्यार्थ्यांच्या शंका

गणित शिकणारा विद्यार्थी ज्या शंका विचारतो त्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. उत्तर कसें काढावें, ही पहिल्या वर्गांतील शंका. आणि काढलेलें उत्तर खरें कशावरून, ही दुसऱ्या वर्गांतील. पहिल्या प्रकारच्या शंका शिक्षकास आवडतात, कारण त्यांचें समाधान फळ्यावर चार ओळींत करतां येतें. दुसऱ्या प्रकारच्या शंका त्याला आवडोत वा न आवडोत, त्या गणिताच्याच आहेत हें तो नाकारीत नाहीं. परंतु या दोहोंखेरीज शंकांचा एक तिसरा प्रकार आहे, आणि त्याला कोणाच्याच दारीं आसरा मिळत नाहीं.

कलनशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू झालेल्या कोणत्याहि वर्गांत या शंका ऐकूं येतात. एक विद्यार्थी विचारतो : फलनाला आपण ‘डिफरन्शिएट’ करतों आणि हातीं येतें त्याला मात्र ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणतों, असें कां? क्रियापद एका धातूचें आणि त्याचें फळ दुसऱ्याच धातूचें, ही कोठली रीत? ‘डिराइव्ह’ केलें असें म्हटलें तर काय बिघडलें? दुसरा विचारतो : ‘विथ रिस्पेक्ट टु एक्स’ म्हणजे एक्सला मान देऊन काय करावयाचें? तिसरा अधिक धीट असतो. तो म्हणतो : ‘एच’ शून्य नाहीं असें सांगून तुम्हीं त्यानें भागलें, आणि पुढच्याच ओळींत तो शून्य आहे असें सांगून त्याला खोडलें, एकाच उताऱ्यांत एका अक्षराचे दोन अर्थ कसे चालतात?

गणिताचा शिक्षक म्हणतो, ही भाषेची बाब आहे, इंग्रजीच्या गुरुजींना विचारा. इंग्रजीचा शिक्षक म्हणतो, ही गणिताची परिभाषा आहे, ती आमच्या कक्षेंतली नव्हे. विद्यार्थी दोन्ही ठिकाणांहून परत येतो, ‘घातांक पुढें घ्यावा आणि एकानें उणा करावा’ हा नियम पाठ करतो, आणि परीक्षेंत उत्तीर्ण होतो. त्याची शंका मात्र तशीच राहते. आमचें म्हणणें असें कीं, या शंका केवळ गणिताच्याहि नव्हेत आणि केवळ भाषेच्याहि नव्हेत. त्या इतिहासाच्या आहेत, आणि त्यांचें खरें समाधान इतिहासच करूं शकतो.

पहिलीच शंका घेऊं. या शास्त्राचे जनक दोन. न्यूटनला त्याची कल्पना १६६५-६६ च्या सुमारास, केंब्रिजचें विद्यापीठ प्लेगमुळें बंद असतां सुचली. वाढती राशि त्याला वाहत्या प्रवाहासारखी भासली. तिला त्यानें ‘फ्लुएंट’, म्हणजे वाहणारी, असें नांव दिलें, आणि तिच्या वाहण्याच्या वेगाला ‘फ्लक्शन’ म्हटलें. हा वेग दाखविण्याकरितां पुढें तो अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देऊं लागला. जर्मनींतील लाइब्निट्स स्वतंत्रपणें त्याच ठिकाणीं पोंचला, पण दुसऱ्या वाटेनें. त्याचें लक्ष प्रवाहाकडे नव्हतें, अंतराकडे होतें. लगतच्या दोन किंमतींमधील अत्यल्प फरक, लॅटिनमध्यें ‘डिफरन्शिया’, हा त्याच्या विचाराचा पाया. म्हणून ‘डी’ हें चिन्ह. तें त्याच्या खाजगी टिपणांत १६७५ मध्यें दिसतें, आणि १६८४ मध्यें लाइप्झिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकांत त्याचा निबंध छापून आला. त्याच्या रीतीचें नांव ‘अंतरांची गणना’ अशा अर्थाचें पडलें. ‘कॅलक्युलस’ म्हणजे मुळांत मोजणीचा लहान खडा. डॉक्टर लोक मुतखड्याला याच नांवानें ओळखतात, हें विद्यार्थ्याला सांगितलें तर तो तें सहसा विसरत नाहीं. अंतर काढण्याच्या या क्रियेला साहजिकच ‘डिफरन्शिएट करणें’ हें नांव मिळालें. अर्थात् आपलें क्रियापद लाइब्निट्सच्या घरचें आहे.

नाम मात्र शंभर वर्षांहून अधिक काळानें आलें, आणि तें फ्रान्समधून आलें. लाग्रांज याला न्यूटनची गतीची भाषा पसंत नव्हती आणि लाइब्निट्सच्या अत्यल्प राशीहि पसंत नव्हत्या. हें सर्व शास्त्र शुद्ध बीजगणितावर उभारतां येईल, अशी त्याची धारणा होती. १७९७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें फलनाचा श्रेणींत विस्तार केला आणि त्या श्रेणींतून क्रमानें निघणाऱ्या नव्या फलनांना ‘देरिव्हे’, म्हणजे मूळ फलनापासून निघालेलीं, असें नांव दिलें; मूळ फलनाला ‘प्रिमितिव्ह’. आपण ज्याला ‘एफ डॅश’ म्हणतों तें चिन्हहि त्याचेंच. पुढें कोशी यानें या उपपत्तींतील दोष दाखविला : एखाद्या फलनाचा विस्तार करतां येतो, आणि तरी तो विस्तार त्या फलनाबरोबर नसतो. लाग्रांजची उपपत्ति टिकली नाहीं, पण त्याचा शब्द टिकला.

या शब्दाचें मूळ पाहण्यासारखें आहे. लॅटिनमध्यें ‘रिव्हुस’ म्हणजे ओढा, आणि ‘डेरिव्हारे’ म्हणजे ओढ्यांतून पाणी काढून दुसरीकडे नेणें. आपल्याकडे ज्याला पाट काढणें म्हणतात तेंच हें. एकाच ओढ्याचें पाणी घेणाऱ्या शेजाऱ्यांना लॅटिनमध्यें ‘रिव्हालेस’ म्हणत, आणि इंग्रजीतील ‘रायव्हल’ हा प्रतिस्पर्धीवाचक शब्द त्यावरूनच आला. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यानें पाहिली आहे त्याला या व्युत्पत्तीचें आश्चर्य वाटणार नाहीं.

जर्मन भाषेंत या क्रियेलाहि आणि तिच्या फळालाहि ‘काढून नेणें’ या एकाच धातूचे शब्द चालतात. फ्रेंचमध्येंहि क्रियापद आणि नाम एकाच कुळांतील आहेत. इंग्रजीत मात्र क्रिया लाइब्निट्सची आणि फळ लाग्रांजचें. शिवाय ‘डिराइव्ह’ हें क्रियापद इंग्रजीत आधींच दुसऱ्या कामावर नेमलेलें होतें : गृहीतांपासून सूत्र सिद्ध करून दाखविणें, या अर्थीं. म्हणून ‘क्ष-वर्ग डिराइव्ह करा’ हें इंग्रजी अशुद्ध ठरतें, आणि ‘डेरिव्हेटिव्हचें सूत्र डिराइव्ह करा’ हें शुद्ध ठरतें. या व्यवस्थेंत तर्क शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. इतिहास शोधल्यास लगेच सांपडतो.

इंग्रजांनीं आपल्या न्यूटनचे शब्द टाकून परक्यांचे शब्द घेतले कसे, हीहि गोष्ट मनोरंजक आहे. शोध प्रथम कोणाचा, या वादांत १७१२ मध्यें रॉयल सोसायटीनें न्यूटनच्या बाजूनें कौल दिला, आणि त्यानंतर शंभर वर्षें इंग्लंड अभिमानानें टिंबाला चिकटून राहिलें. या काळांत युरोपखंडांतील गणित फार पुढें गेलें. १८१२ मध्यें केंब्रिजमधील कांहीं तरुणांनीं ‘ॲनॅलिटिकल सोसायटी’ स्थापन केली. बॅबेज, जॉन हर्शेल आणि पीकॉक हे त्यांतील प्रमुख. बॅबेजनें मंडळाच्या उद्देशावर एक शब्दश्लेष केला. ‘डीइझम’ म्हणजे ईश्वराला केवळ बुद्धीच्या आधारें मानणारा पंथ, आणि ‘डोटेज’ म्हणजे म्हातारपणचा बुद्धिभ्रंश. आमचें मंडळ विद्यापीठाच्या ‘डॉट-एज’विरुद्ध शुद्ध ‘डी-इझम’चा पुरस्कार करणार, असें त्यानें सुचविलें. एका टिंबाचा आणि एका अक्षराचा हा लढा होता. १८१६ मध्यें या तिघांनीं लाक्रवा याच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि १८१७ मध्यें पीकॉक परीक्षक झाल्यावर त्यानें प्रश्नपत्रिकेंतच ‘डी’ आणला. पुढें इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘डिफरन्शिअल कोएफिशंट’ हें लांबलचक नांव रूढ झालें. टॉडहंटरच्या १८५२ च्या पुस्तकांत तेंच आहे. त्या नांवांत निदान क्रियापदाशीं नातें तरी होतें. ‘डेरिव्हेटिव्ह’नें त्याला मागें सारलें तेव्हां तें नातेंहि तुटलें, आणि आमच्या विद्यार्थ्याची शंका जन्मास आली.

दुसरी शंका लहान आहे, पण ती हसण्यावारी नेऊं नये. ‘रिस्पेक्ट’ याचें लॅटिन मूळ ‘मागें वळून पाहणें’ असें आहे. ज्याच्याकडे मनुष्य वळून पाहतो त्याच्याविषयीं त्याला आदर असतो, म्हणून आदर हा अर्थ. आणि ज्याच्याकडे पाहून एखाद्या गोष्टीचा विचार करावयाचा, त्याच्या अपेक्षेनें, हा दुसरा अर्थ. ‘विथ रिस्पेक्ट टु एक्स’ म्हणजे एक्सच्या बदलाकडे दृष्टि ठेवून दुसऱ्या राशीचा बदल मोजणें. मराठींत ‘क्ष-सापेक्ष’ म्हटलें कीं काम होतें; कारण ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दांतहि ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणें, हाच धातु आहे. दोन भाषांनीं एका कल्पनेसाठीं डोळ्याचाच आश्रय केला, हें ज्या विद्यार्थ्याला कळलें त्याला तो वाक्प्रचार पाठ करावा लागत नाहीं. आणि ‘कशाच्या सापेक्ष?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय बदलाचा दर सांगणें व्यर्थ आहे, हा गणिताचा धडाहि त्यांतच मिळतो.

तिसरी शंका सर्वांत गंभीर. एक चौरस शेत घ्या. बाजू १० असतां क्षेत्रफळ १००. बाजू १०.१ केली तर क्षेत्रफळ १०२.०१ होतें, वाढ २.०१, आणि बाजूच्या वाढीनें तिला भागलें तर २०.१. बाजू १०.०१ केली तर हाच भागाकार २०.०१ येतो. वाढीला ‘ह’ म्हटलें तर भागाकार नेहमीं २० अधिक ह इतका असतो. येथें पुस्तक म्हणतें, आतां ह शून्य करा, उत्तर २०. विद्यार्थी म्हणतो, ह शून्यच होता तर त्यानें भागलें कसें?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी एकटा नाहीं. आयर्लंडमधील तत्त्ववेत्ता आणि ख्रिस्ती धर्माधिकारी बर्क्ली यानें १७३४ मध्यें ‘दि ॲनॅलिस्ट’ या पुस्तकांत न्यूटनच्या अनुयायांना नेमकें हेंच विचारलें होतें. धर्मांतील गूढ गोष्टींना हंसणारे गणिती स्वतः किती गूढ गोष्टी बिनतक्रार मानतात, हें दाखविण्याचा त्याचा हेतु होता. त्याचा हेतु कांहींहि असो, आक्षेप खरा होता. कोशीनें १८२१ च्या ग्रंथांत ‘लिमिट’ची कल्पना शास्त्राच्या पायाशीं आणली आणि पुढें वायरश्ट्रास यानें ती निर्दोष केली, तेव्हां कोठें त्याला पुरतें उत्तर मिळालें. त्या उत्तराप्रमाणें ह कधींच शून्य करावयाचा नसतो. ह पुरेसा लहान घेतला तर भागाकार २० च्या हवा तितका जवळ आणतां येतो, एवढेंच विधान आहे, आणि त्या २० लाच सीमा म्हणावयाचें. ‘टेंड्स टु’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ ‘त्याकडे कल असणें’ असा आहे, ‘तेथें पोंचणें’ असा नाहीं. पुस्तकांतील ‘ह शून्य करा’ ही बोलण्याची सोय आहे. तिलाच वस्तुस्थिति समजलें म्हणजे घोंटाळा होतो. भाषेचा प्रश्न आणि गणिताचा प्रश्न येथें एकच आहे.

आणि या ठिकाणीं आपल्या पूर्वजांचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’च्या शून्यपरिकर्मांत सांगितलें आहे कीं, एखाद्या राशीला शून्यानें गुणलें असून पुढें शून्यानेंच भागावयाचें असेल तर ती राशि अविकृत समजावी, आणि या गणिताचा ग्रहगणितांत मोठा उपयोग आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०, मधील ‘सिद्धान्तशिरोमणीं’त त्यांनीं ग्रहाची तात्कालिकी गति, म्हणजे दिवसाची सरासरी नव्हे तर त्या क्षणाची गति, कोटिज्येच्या साह्यानें काढण्याची रीत दिली. मूळचे महाराष्ट्रीय आणि काशीच्या संस्कृत कॉलेजांतील अध्यापक बापूदेव शास्त्री यांनीं १८५८ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. १८६० मध्यें स्पॉटिसवुड यांनीं लंडनहून त्यावर आक्षेप घेतले. हा वाद येथें निवडण्याचें कारण नाहीं. सर्व फलनांना लागू पडणारी सामान्य रीत भास्कराचार्यांनीं दिली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु शून्याजवळ भागाकार करतांना कांहीं विशेष घडतें, ही जाणीव त्यांना होती, यांतहि शंका नाहीं.

हें सांगण्याचा हेतु अभिमान मिरविणें हा नव्हे. मराठींत या शास्त्रावर लिहिण्याची वेळ आली तेव्हां हा वारसा कामीं पडला, हें दाखवावयाचें आहे. बाळशास्त्री जांभेकर (१८१२-१८४६) यांना आपण ‘दर्पण’कार म्हणून ओळखतों. एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणित शिकवीत. त्यांच्या ग्रंथांच्या यादींत दोन नांवें अशीं आहेत कीं तीं शेजारीं शेजारीं वाचलीं पाहिजेत : ‘इंग्रजी व्याकरणाचा संक्षेप’ आणि ‘शून्यलब्धि’. हें दुसरें पुस्तक म्हणजे कलनशास्त्र. नांवाचा अर्थ लावून पाहावा. आपल्या गणितांत ‘लब्धि’ म्हणजे भागाकारानें आलेली संख्या. अंतरें शून्याकडे गेलीं असतां जो भागाकार हातीं लागतो तो शून्यलब्धि. ‘डिफरन्शिअल’ शब्दांत अंतर आहे, ‘डेरिव्हेटिव्ह’मध्यें पाट आहे, पण ज्या भागाकारावर बर्क्लीनें बोट ठेवलें, आणि ज्यावर आमचा तिसरा विद्यार्थी आजहि बोट ठेवतो, तो या दोन्ही शब्दांत नाहीं. तो ‘शून्यलब्धीं’त आहे. शंकेचें स्थान शब्दानेंच दाखवून द्यावें, याहून परिभाषेकडून अधिक काय मागावें?

व्याकरणाचें पुस्तकहि येथें परकें नाहीं. इंग्रजी व्याकरणांत शब्दांचे ‘प्रिमिटिव्ह’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ असे दोन भेद करतात. मराठी व्याकरणांत त्यांनाच सिद्ध आणि साधित म्हणतात. लाग्रांजनें फलनांना दिलेलीं नांवें हींच आहेत. ‘कर’ या धातूपासून ‘करणी’ साधावी तसें क्ष-वर्गापासून २क्ष साधावयाचें. दोन्हीं पुस्तकें लिहिणाऱ्या शिक्षकापुढें आमचा विद्यार्थी उभा राहिला असता तर त्याला एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत पाठविण्याची गरज पडली नसती.

बाळशास्त्री १८४६ मध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारले. त्याच सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळांत एक वाद पेटला. हटनच्या गणितग्रंथाचें मराठी भाषांतर करणारे जर्व्हिस साहेब म्हणत, उच्च ज्ञानहि देशी भाषेंतूनच द्यावें. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी म्हणत, तें इंग्रजीतूनच देतां येईल. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूचे होते. व्यवहारांत पेरींच्या मताचीच सरशी झाली, आणि १८५७ मध्यें स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ इंग्रजीच्याच पायावर उभें राहिलें.

पेरींच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पुस्तकें थोडीं होतीं, परिभाषा अस्थिर होती, आणि युरोपांतील नवें ज्ञान इंग्रजीच्या द्वारें लवकर येत होतें. इंग्रजी शिकल्यानें आपली हानि झाली असें प्रस्तुत लेखकाला म्हणवत नाहीं. तो स्वतः त्याच विद्येवर वाढला आहे. हानि झाली ती निराळीच. शास्त्र एका भाषेंत आणि विचार दुसऱ्या भाषेंत, अशी वांटणी झाल्यावर शब्द हा केवळ शिक्का उरला. त्याच्या आंत डोकावण्याची संवय गेली. दिल्ली कॉलेजांत उर्दूच्या माध्यमांतून शिकविणारे रामचंद्र यांनीं कमाल-किमान किंमतींचे प्रश्न कलनशास्त्रावांचून, केवळ बीजगणितानें सोडविणारें पुस्तक १८५० मध्यें कलकत्त्यास छापलें. मदुरा येथें जन्मलेले इंग्रज गणिती डी मॉर्गन यांनीं तें १८५९ मध्यें स्वतःच्या विस्तृत प्रस्तावनेसह लंडनमध्यें पुन्हां छापविलें, तें याच विचारानें कीं, हिंदी मनाला आपल्या परंपरेंतून वर चढूं द्यावें. अशीं उदाहरणें विरळ राहिलीं.

परिभाषा पुढें होत गेली. सुधाकर द्विवेदी यांनीं हिंदींत ‘चलन-कलन’ लिहिलें. आज मराठींत कोठें ‘अवकलन’ तर कोठें ‘विकलन’ आणि ‘विकलज’ हे शब्द चालतात. ‘विकलन’ आणि ‘विकलज’ यांत क्रिया आणि फळ एकाच धातूचीं आहेत, हा इंग्रजीहून अधिक गुण मानला पाहिजे. पण हे शब्दहि ज्याला उघडून दाखविले नाहींत त्याला ते ‘डेरिव्हेटिव्ह’इतकेच मुके आहेत. केवळ माध्यम बदलल्यानें ही उणीव भरून येणार नाहीं. मराठी शब्दहि पाठ करतां येतो.

उपाय अवघड नाहीं. नवा शब्द प्रथम फळ्यावर लिहितांना तो कोठून आला, कोणीं आणला आणि त्याच्या आधीं तेथें कोणता शब्द होता, हें सांगण्यास पांच मिनिटें पुरतात. बर्क्लीचा प्रश्न विद्यार्थ्यानें विचारण्याची वाट न पाहतां शिक्षकानें स्वतःच विचारावा. आणि भाषेची शंका गणिताच्या तासाला आली तर तिला तेथेंच बसवून घ्यावें. इंग्रजीच्या तासाला ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे साधित शब्द असें विद्यार्थी लिहून घेतो. पुढच्या तासाला त्याच बाकावर, त्याच वहीच्या दुसऱ्या टोंकाला, ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे २क्ष असें लिहितो. हीं दोन टिपणें एकाच शब्दाचीं आहेत, एवढें त्याला कोणीं तरी सांगावयास हवें.